तीनशे अठरा कुलपं

यादीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं वस्तीत आता कुणी उरलं नव्हतं. बायकोसुद्धा घरात ‘अहो’ आणि बाहेर ‘आमचे यादीवाले’ म्हणायची, आणि तसं म्हणताना त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिचं तिलाच ठाऊक. बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती, पण त्यांची ओळख पडली ती मतदार यादीवरून. निवडणूक जवळ आली की छापील यादी बगलेत मारून ते घरोघर जात आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करत: आपला, त्यांचा, नाहीतर डळमळीत. कोण वारलं, कोण परगावी गेलं, कुणाची सून नांदायला आली, खडा न् खडा माहिती. मतदानाच्या आदल्या दिवशी साहेब विचारायचे, “काय म्हणतोस?” काका आकडा सांगायचे. त्यात आठ-दहा मतांपलीकडे फरक पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

साहेब म्हणजे या मतदारसंघातून सहा वेळा राज्याच्या सभागृहात निवडून गेलेले. त्याआधी ते याच कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते, आणि यादी कशी वाचायची हे काकांना त्यांनीच शिकवलं होतं. काका त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. साहेबही इतरांना दिवाणखान्यात बसवून ठेवत आणि काकांना सरळ आत बोलावत. या एका गोष्टीचा काकांना फार अभिमान होता. तो लपवायचा ते प्रयत्न करत, पण जमत नसे.

अडचण अशी झाली की शहर वाढलं. महामार्गाच्या पलीकडे पूर्वी वीटभट्ट्या होत्या आणि त्यांच्यामागे पडीक जमीन. दहा-बारा वर्षांत तिथे एकोणीस टॉवर उभे राहिले. कुठून कुठून माणसं आली. कुणी शहराच्या मध्यात भाडं परवडेना म्हणून, कुणी दुसऱ्या राज्यातून नोकरीसाठी. जुन्या वस्तीतली पोरंही लग्न झालं की पलीकडे जात. काकांची एकुलती एक लेक तिकडेच राहायची, बाराव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर. तिचे आईवडील मात्र महामार्गाच्या अलीकडेच, कारखान्याने बांधून दिलेल्या दोन खोल्यांत. कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती.

राज्यभर हेच चाललं होतं. शहरांच्या कडेच्या ज्या जागा साहेबांच्या पक्षाला वर्षानुवर्षं हक्काच्या वाटायच्या, त्या एकेक करून हातातून निसटत होत्या. मागच्या खेपेला पाच गेल्या. साहेबांची वाचली ती दोनशे साठ मतांनी, आणि तेव्हा सात टॉवर अजून अर्धे बांधलेले होते. या वेळी राज्य कुणाकडे जाणार हे अशाच दहा-बारा जागांवर ठरणार, असं सगळे म्हणत होते. साहेबांची जागा त्यांतली एक.

निवडणुकीला दोन महिने असताना साहेबांचा पुतण्या काकांकडे आला. प्रचाराचं सगळं आता तोच पाहायचा. पोरगा हुशार होता, पण उन्हात पायपीट केल्याचं त्याच्या बुटांवरून तरी दिसत नव्हतं.

“काका, चार महिन्यांत पलीकडे नऊशे नवीन नावं आलीत,” तो म्हणाला. “समोरच्यांनी घुसवलीत. फ्लॅट बंद, आणि यादीत मात्र चार-चार माणसं. हे आपण चालू द्यायचं?”

काकांना खोट्या नावांचा मनापासून राग होता. मेलेल्या माणसाच्या नावावर मत पडलं तर ते आपल्याच पक्षाचं असलं तरी त्यांना रात्री जेवण जात नसे. ते म्हणाले, “खोटं असेल तर काढायलाच पाहिजे.”

“हरकत घेता येते. पण जागेवर जाऊन पाहिलं असं लिहून देणारा माणूस हवा, आणि तो साधासुधा नको. तुमची सही असली तर अधिकारी दुसऱ्यांदा वाचणारही नाहीत.”

हे ऐकून काका सुखावले. त्यांनी चहा मागवला.

घराची तपासणी करायची त्यांची एक पद्धत होती. तीन खेपा. तीन वेगवेगळ्या दिवशी, अकरा ते एकच्या दरम्यान जायचं. वस्तीत त्या वेळेला कुणी ना कुणी घरी असायचंच. रात्रपाळीचा माणूस झोपून उठलेला असे, बायकांचं स्वयंपाकाचं आटोपलेलं असे, म्हातारी माणसं दारात बसलेली असत. आणि दाराला कुलूप असलंच, तर शेजारीण सांगायची की बाळंतपणाला गेलीय, पुढच्या महिन्यात येईल. तीन खेपांत कुलूप आणि शेजाऱ्यांनाही पत्ता नाही, म्हणजे तिथे कुणी राहत नाही. तीस वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

काका टॉवरमध्ये गेले. वॉचमन वहीत नाव लिहून घ्यायचा, कुणाकडे जायचं विचारायचा, आणि ‘सगळ्यांकडे’ म्हटलं की दर वेळी नव्याने बुचकळ्यात पडायचा. लिफ्टमधून वर जायचं आणि एकेक मजला करत जिन्याने खाली यायचं. सगळे मजले एकसारखे, सगळी दारं एका रंगाची, बहुतेकांवर नावाची पाटीही नाही. काका बेल वाजवायचे, मनात वीस अंक मोजायचे, परत वाजवायचे. शेजारचं दार चुकून उघडलं तर आतला माणूस म्हणायचा, “समोर? माहीत नाही हो, आमचं काही बोलणं होत नाही.” शेजारी कोण राहतं हे माणसाला माहीत नसतं, हे काकांना आधी खोटंच वाटलं. मग राग आला. मग ते ‘कुलूप’ लिहून पुढे जायला लागले.

बाराव्या टॉवरमध्ये लेकीच्या दारालाही तिन्ही खेपांना कुलूप होतं. तिने आपलं नाव यंदाच पलीकडच्या पत्त्यावर हलवलं होतं, त्यामुळे तीही त्या नऊशेत होती. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये असणार, जावई ऑफिसात, नात पाळणाघरात. काकांनी तिच्या नावापुढे ‘राहतात’ लिहिलं आणि खाली उतरले.

“लेकीकडे ये म्हटलं तर गुडघे दुखतात,” बायको त्या दिवशी म्हणाली, “आणि आता एकोणीस टॉवर पालथे घालताय. गुडघ्यांना पण पक्ष कळतो वाटतं.”

“कामाला गेलो होतो.”

“ती भेटली?”

“दुपारी कशी भेटेल? कामावर असते ती.”

“तेच म्हणते मी,” बायको म्हणाली आणि भांडी आवरायला निघून गेली. काकांनी ते मनावर घेतलं नाही. तिच्या बोलण्यातलं निम्मं मनावर घ्यायचं नाही असा त्यांचा लग्नानंतरचा नियम होता.

महिनाअखेर यादी तयार झाली. नऊशेपैकी तीनशे अठरा मतदारांच्या घरांना तिन्ही खेपांना कुलूप. काकांनी प्रत्येक पानाखाली सही केली. खोटं एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

सुनावणी निवडणूक कार्यालयात होती, मंगळवारी, सकाळी दहापासून. लांबट खोली, दोन बाक, एक पंखा, आणि टेबलामागे अधिकारी बाई. चष्मा कपाळावर सरकवून त्या कागद वाचत होत्या. काकांना हरकतदार म्हणून शेजारच्या खुर्चीत बसवलं. पुतण्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं होती, पण नोटिसा गेल्या होत्या त्यामानाने थोडी.

बाईंनी आधी नियम सांगितला. “ज्यांना नोटीस गेलीय त्यांनी आज कागदपत्रं घेऊन स्वतः यायचं. आले आणि पटलं, तर नाव राहील. जे येणार नाहीत, त्यांच्याबाबत हरकतदाराचं म्हणणं ग्राह्य धरून नाव कमी होईल. पुढची तारीख नाही, निवडणूक तोंडावर आहे.” त्या काकांकडे वळल्या. “तुमचं म्हणणं कायम आहे ना?”

“कायम आहे,” काका म्हणाले.

पहिली आत आली ती एक परिचारिका होती. अंगावर दवाखान्याचाच पोशाख, डोळे तांबारलेले. ती रात्रपाळी संपवून थेट आली होती. बाईंनी तिचे कागद पाहिले. तिने विचारलं, “कोण आलं होतं म्हणे माझ्या घरी?”

“मी,” काका म्हणाले. “तीनदा. बेल वाजवली होती.”

“मी दिवसा बेल बंद करून झोपते. नाहीतर जगायचं कसं?” ती भांडली नाही. तिला तेवढी ताकदच नव्हती. सही करून ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

मग एक म्हातारा आला. तो तर तिन्ही दिवस घरातच होता, फक्त कानातलं यंत्र काढून ठेवलेलं होतं. मग एक तरुण जोडपं आलं, कडेवर मूल. दोघांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता आणि त्यावरून त्यांचं एकमेकांशीच कुजबुजत भांडण चाललं होतं. मग एक मुलगी, जेमतेम बावीस-तेवीसची. ती काकांकडे टक लावून पाहत राहिली.

“मी यांना पाहिलंय,” ती म्हणाली. “दाराच्या भोकातून. दोनदा.”

“मग उघडलं का नाही?” काकांनी विचारलं.

“एकटी होते. तुम्ही कोण, मला काय माहीत?”

काकांच्या काळजात हे रुतलं. तीस वर्षांत त्यांच्या तोंडावर कुणी दार लावलं नव्हतं. समोरच्या पक्षाची माणसंसुद्धा ‘या काका, बसा’ म्हणायची आणि मग नाही म्हणायची. इथे एक पोरगी श्वास रोखून दाराआड उभी होती, आणि आपण बाहेर वीस अंक मोजत होतो.

जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचा एक बस ड्रायव्हर आला. बाईंनी विचारलं, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये सहा मतदार कसे?

“सहाही जण आम्ही एकाच डेपोत,” तो म्हणाला. “पहाटेचे तिघं जातात तेव्हा रात्रीचे तिघं येतात. पलंग तीनच. एक उठला की दुसरा झोपतो. गाद्या गारच होत नाहीत बाई.” तो हसला. “बाकीचे पाच आज येऊ शकत नाहीत. सगळ्यांनीच रजा घेतली तर बस कोण चालवणार?”

“त्यांनी यायला हवं होतं,” बाई म्हणाल्या आणि पाच नावांवर रेघ मारायला पेन उघडलं.

 काका एकोणीस वर्षांचे असताना कारखान्याच्या खोलीत आठ जण राहायचे. तीन पाळ्या, चार खाटा. त्यांचीही गादी कधी गार झाली नव्हती. तेव्हा ही जागा जुन्या जमीनवाल्यांच्या पक्षाकडे होती. त्यांच्या माणसांनी अशीच हरकत घेतली होती की ही कारखान्याची पोरं कायमची राहणारी नाहीत, आज आहेत, उद्या जातील. त्या दिवशी साहेब कामावरून खाडा करून कचेरीत दिवसभर उभे राहिले होते. तेव्हा त्यांना कुणी साहेब म्हणत नव्हतं. घसा बसेपर्यंत त्यांनी एकेका पोराचं नाव घेऊन साक्ष दिली होती, आणि काकांचं नाव यादीत राहिलं. पुढच्याच निवडणुकीत ही जागा फिरली, ती त्या खोल्यांतल्या मतांनी. हे सगळं काकांना माहीत होतं. दर वर्षी ते पोरांना रंगवून सांगायचे. पण कुलपं मोजताना त्यांना ते आठवलं नव्हतं.

सुट्टी झाली. काका व्हरांड्यात आले, तर बाकावर परिचारिकेच्या शेजारी त्यांची लेक बसलेली. परिचारिकेचं डोकं तिच्या खांद्यावर, गाढ झोप लागलेली.

“तू इथे कशी?” काका म्हणाले. “तुझं नाव नाहीये यात.”

“माहितेय. ही माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. रात्रभर उभी होती, एकटीला गाडी चालवू दिली नसती मी.” लेकीने तिचं डोकं अलगद भिंतीला टेकवलं आणि उठून बाजूला आली. ती हळू आवाजात बोलत होती, आणि काकांना तेच जास्त लागत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही नवव्या मजल्यावर तीनदा आलात. हिच्या दाराला तीनदा कुलूप. माझ्या दाराला?”

काका बाकावरच्या परिचारिकेकडे पाहू लागले.

“वॉचमनची वही पाहिली मी. तुम्ही आलात त्या तिन्ही दिवशी मी लॅबमध्ये होते. मग माझं नाव का नाही यात?”

“तू माझी लेक आहेस. तू तिथे राहतेस हे मला माहीत नाही का?”

“हो,” ती म्हणाली. “माझा बाप इथला आहे. हिचा बाप हजार मैलांवर आहे, त्याला कोण विचारणार?”

  काकांना लाज वाटली, आणि ती चारचौघांत फजिती झाल्याची लाज नव्हती. कुणी पाहत नसतं तरी ती वाटलीच असती. आपण खोटं एक अक्षर लिहिलं नाही, असं ते महिनाभर स्वतःला सांगत आले होते.  पण दाराला कुलूप असूनही लेकीच्या नावापुढे ‘राहतात’ लिहिलं तेव्हाच बाकीची तीनशे अठरा खोटी पडली होती.

“किती जण आले आत्तापर्यंत?” लेकीने विचारलं.

“सत्तर-ऐंशी.”

“बाकीच्यांना रजा नाही मिळाली. आमच्या मजल्यावरचे तिघं आहेत त्यात.” तिने आवाज आणखी खाली घेतला. “मी कुणाला मत देते ते तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, आणि मीही सांगत नाही. त्यासाठी नाही म्हणत मी हे.”

“माहितेय,” काका म्हणाले.

ते वळले, तर पुतण्या दारात उभा. त्याने सगळं ऐकलं होतं.

“काका, आत बसा,” तो म्हणाला. “संध्याकाळपर्यंत गप्प बसायचंय फक्त. तुम्हाला काही करायचं नाहीये.”

“साहेबांना माहितेय हे? सहा जणांची खोली, रात्रपाळीची पोरगी?”

“साहेबांना आकडा माहितेय. तीनशे अठरा. साहेब म्हणाले, त्याने पाहिलंय ना, मग झालं.”

त्याने पाहिलंय ना, मग झालं. हेच ऐकायला काका आयुष्यभर झटले होते. आत्ता मात्र ते ऐकवेना.

साहेबांचं किती देणं लागतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. यादीतलं नाव, कारखान्यातली नोकरी टिकली ती, लेकीच्या कॉलेजला दिलेली चिठ्ठी. आणि साहेब आता शहात्तर वर्षांचे होते. ही शेवटची निवडणूक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड बंद ठेवलं तर साहेब जिंकून घरी बसतील. तोंड उघडलं तर हरून. काका व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मग आत जाऊन खुर्चीत न बसता टेबलासमोर, लोक उभे राहत होते तिथे उभे राहिले.

“बाई, मला माझी हरकत मागे घ्यायचीय.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “कुणाच्या नावाची?”

“सगळ्यांच्या. जे आले त्यांच्या आणि जे नाही आले त्यांच्याही.”

“काका!” मागून पुतण्याचा आवाज आला.

“कारण लिहावं लागेल,” बाई म्हणाल्या.

“लिहा. मी दुपारी गेलो होतो. माणसं कामावर होती, नाहीतर झोपलेली होती. मी कुलूप बघून परत आलो. तिथे कुणी राहत नाही हे मला माहीत नव्हतं, मी ते धरून चाललो. एवढंच.”

“तुम्ही शुद्धीवर आहात ना?” पुतण्या पुढे येऊन म्हणाला. “साहेब पडतील. तुमच्यामुळे पडतील. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय,” काका म्हणाले.  “तुझ्यापेक्षा मला जास्त कळतंय, मला आकडे येतात.”

बाईंनी कागद पुढे केला. काकांनी सही केली.

त्यानंतरचे तीन आठवडे काकांनी घरातच काढले. प्रचाराच्या कार्यालयातून बोलावणं आलं नाही. ते स्वतः एकदा गेले तर पोरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळे फोनमध्ये डोकं खुपसून बसले. यादी कुणी पुढे केली नाही. बायकोने या दिवसांत एकदाही टोमणा मारला नाही. त्यावरूनच काकांना आपली अवस्था कळली.

मतदानाच्या दिवशी ते सकाळी सातलाच रांगेत उभे राहिले. टेबल, यादी, पेन्सिल काही नाही, नुसता मतदार. समोरून पलीकडच्या लोकांची रांग वाढत होती. दाराआडची ती मुलगी दिसली, बस ड्रायव्हर दिसला आणि त्याच्यासोबत गणवेशातले आणखी तिघं. कुणी ओळखून हात केला, कुणी नाही. काका आत गेले. आयुष्यभर जिथे मत दिलं होतं तिथेच त्यांनी दिलं. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नाही. साहेबांवर त्यांचा जीव होता, आणि त्या दिवशी तर इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त.

निकाल लागला. साहेब एकशे सत्तावीस मतांनी पडले. शहरांच्या कडेच्या बारा जागांपैकी नऊ गेल्या आणि राज्यही गेलं. पेपरवाल्यांनी नकाशे छापले. टॉवर कुठे वाढले, कारखाने कुठे बंद झाले, तरुण किती, बाहेरून आलेले किती. सगळं बरोबर होतं. साहेबांचं नाव मात्र तिसऱ्या पानावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका साहेबांकडे गेले. बायको म्हणाली, नका जाऊ, तोंडावर बोलतील. काका म्हणाले, बोलू देत. ज्या दाराबाहेर चपला ठेवायला जागा मिळत नसे तिथे एकच जोड होता. साहेब आतल्या खोलीत खिडकीजवळ बसले होते, मांडीवर शाल. त्यांनी मान हलवून समोरची खुर्ची दाखवली.

“जुन्या वस्तीत किती पडली मला?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“नऊशे चाळीसच्या आसपास. मागच्या खेपेपेक्षा दीडशे कमी.”

“माणसं फिरली?”

“काही फिरली. काही वारली. बरीच पलीकडे राहायला गेली.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, “आणि ती तीनशे अठरा नसती यादीत, तर?”

खोटं बोलायला जागा होती. तरीही पडला असतात, वारंच तसं होतं, असं म्हणता आलं असतं. म्हातारा माणूस बरं वाटून घ्यायला तयार बसला होता.

“तर तुम्ही निवडून आला असतात,” काका म्हणाले. “साठ-सत्तर मतांनी.”

साहेबांनी मान डोलावली. आकडा त्यांना पटला होता. काकांना वाटलं आता बोलतील. शिव्या द्याव्यात, कृतघ्न म्हणावं, काहीही म्हणावं, ते ऐकून घ्यायला ते आले होते. त्या कचेरीतल्या दिवसाची आठवण काढावी, म्हणजे मलाही सांगता येईल की साहेब, मी तुमचंच पाहून केलं. साहेबांनी त्यातलं काहीच काढलं नाही. शाल नीट केली आणि अगदी साध्या आवाजात, पूर्वी दुसऱ्यांबद्दल विचारायचे तसंच विचारलं, “आणि तू? तू तरी मला दिलंस का?”

काकांना आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला.

“दिलं, साहेब,” ते म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. काकांनी तीस वर्षं या माणसाला हजारो लोकांच्या मनातलं सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी नुसत्या शब्दावर विश्वास मिळाला होता. आता स्वतःच्या मनातलं सांगायचं होतं आणि दाखवायला हातात काही नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, “तुम्हालाच दिलं,” आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की दुसऱ्यांदा म्हणायला नको होतं.

“बरं,” साहेब म्हणाले, आणि चहा घेऊन जा म्हणाले, बाहेर दिवाणखान्यात बसून.